सरळ केलेला ताल

इंदू मॅडमनं पांढुर्ण्याच्या स्टेजवर आपल्याच सरांचा अपमान केला, असं सौंसरात अजूनही बोललं जातं. बोलणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी तिथे नव्हते, आणि जे होते त्यांना त्याआधीचे क्लासमधले चौदा महिने माहीत नव्हते. मला दोन्ही माहीत आहेत. मी धनश्री. त्यांच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि माझं माहेर पांढुर्ण्याचं असल्यामुळे कितीतरी रविवार त्यांच्या शेजारी बसून त्याच बसनं गेले आहे. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

इंदू कळंबे आमच्या शाळेत सव्वीस वर्षांपासून गणित शिकवतात. उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर त्या शून्य देतात. एकदा एका मुलीचे वडील यावरून भांडायला आले. गावात वजन असलेला माणूस. मॅडमनी त्यांच्या हातात खडू दिला आणि म्हणाल्या, या रीतीनं पुढचं उदाहरण सोडवून दाखवा, सुटलं तर मी पूर्ण गुण देते. ते सुटणार नव्हतंच. त्या माणसानं खडू टेबलावर ठेवला आणि नमस्कार करून निघून गेला. त्यांच्याबद्दल मुलांना भीती वाटते हे खरं आहे, पण त्यांनी चुकीचं काही शिकवलं असं म्हणणारं एक पोर सौंसरात सापडणार नाही.

गिटार त्यांच्या घरात आली ती अमोलमुळे. अमोल त्यांचा मुलगा. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेऊन तो एका मोठ्या प्रवासी जहाजावर भटारखान्यात लागला. त्या जहाजावर तीन क्युबन वादक होते. संध्याकाळी पाहुण्यांसाठी वाजवायचे, आणि दुपारी कामगारांच्या जेवणाच्या खोलीत बसून आपल्यासाठी वाजवायचे. अमोलनं ते दुपारचं वाजवणं मोबाइलवर भरून घेतलं होतं, अकरा मिनिटांचं. दिवाळीत तो सुटीवर आला, तेव्हा मॅडम सहामाहीचे पेपर तपासत बसल्या होत्या आणि त्यानं ते सहज लावलं.

मॅडमनी ते संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. मग लाल पेन टेबलावर आपटत त्या मोजायला लागल्या. जमेना. तिसऱ्यांदा ऐकून त्या वैतागून म्हणाल्या, "हे कुठून सुरू होऊन राहिलं तेच सापडत नाही. आन् तरी तिघंही कुठंच चुकत नाहीत."

अमोलनं त्याला कळत होतं तेवढं सांगितलं. दोन जण गिटार वाजवतात, तिसरा हातातल्या दोन लाकडी काड्या एकमेकींवर मारतो. त्या काड्यांच्या ठोक्याला क्लावे म्हणतात, आणि सगळं गाणं त्याच्यावर उभं असतं. पहिलं जे जोरकस आहे ते ‘सोन’. नंतरचं संथ आहे ते ‘ग्वाहिरा’, तिकडच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांचं गाणं. ओस्वाल्दो नावाच्या वादकाकडून अमोलनं त्याची जुनी गिटार घेतली होती, नायलॉनच्या तारांची, पोटावर लांब ओरखडा असलेली. सुटी संपल्यावर ती तो घरीच ठेवून गेला.

तेव्हा मॅडम त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान रवींद्रभाऊ तहसीलमध्ये बाबू आहेत, फार बोलत नाहीत. दार लावून वाजवशील ना, एवढंच त्यांनी विचारलं. बाकीच्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. नणंद म्हणाली, नातवाला मांडीवर घ्यायच्या वयात वहिनीनं हे काय घेतलं. मॅडमनी पांढुर्ण्यात चौकशी केली आणि अभिजीत सरांचा क्लास शोधून काढला.

अभिजीत सर पस्तिशीचे, हसतमुख. त्यांचा हात गोड आहे, हे मी आजही म्हणते. स्टेशन रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या. मुलांना सिनेमाची गाणी शिकवायची, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं, आणि तबलाही लहानपणापासून शिकलेले. मॅडमनी मोबाइल पुढे करून अकरा मिनिटं ऐकवली आणि स्पष्ट विचारलं, "मला हेच शिकायचं आहे. तुम्हाला येते का? येत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे पाहते."

सर म्हणाले, "येते न मॅडम. लॅटिन आहे हे. शिकवतो."

त्या दिवशी मी बरोबर होते. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून लिहून ठेवते.

रविवारी सकाळी सौंसरहून बस पकडायची, मोहगाव करत तासाभरानं पांढुर्ण्याला उतरायचं, स्टँडवर पोहे खायचे, मॅडम क्लासला आणि मी माहेरी. दुपारी पुन्हा एकत्र परत. क्लासमध्ये मोठ्या वयाच्या दोघीच होत्या. मॅडम आणि तिगावची अमिता, जी पांढुर्ण्यात बँकेत नोकरीला आहे. अमिता तिशीची, तिला नुसती गिटार शिकायची होती. सरांनी सोयीसाठी दोघींची एक बॅच केली आणि दोघींना तेच क्युबन शिकवायला घेतलं. अमिताकडून मधूनमधून क्लावेच्या काड्याही वाजवून घ्यायचे. बॅचचं नाव ठेवलं महिला गट.

सुरुवातीचे तीन महिने बोटांचे होते. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, त्यावर कातडी जाड झाली. मॅडम फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच बोटं चोळायच्या. मग उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर आणि बाकीची बोटं बारीक तारांवर, असं दोन्ही एकत्र सुरू झालं. सरांनी वहीत घरं पाडून लिहून दिलं होतं. मॅडम रोज शाळेतून आल्यावर चहाच्या आधी पाऊण तास बसायच्या. एकही दिवस चुकला नाही. दहावीचे पेपर तपासायला छिंदवाड्याला जावं लागलं, तेव्हाही त्या गिटार घेऊन गेल्या आणि तिथल्या नातेवाइकांच्या गच्चीवर वाजवत बसल्या.

सहाव्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा मोबाइलवर ते गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवून पाहिलं. जुळेना. पहिल्या दोन ठोक्यांतच दोन्ही वेगळे व्हायचे. रविवारी त्यांनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, ते लोक फास्ट वाजवतात मॅडम, तुमचा हात बसला की आपोआप जुळते. आठव्या महिन्यात पुन्हा विचारलं. सर म्हणाले, प्रॅक्टिस वाढवा. दहाव्या महिन्यात त्यांनी विचारलं, माझं काही चुकते का ते नेमकं सांगा. सर हसले. "मॅडम, या वयात एवढं येऊन राहिलं, हेच किती मोठं आहे."

मॅडमनी चूक स्वतःवर घेतली. ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते. ज्या बाईनं सव्वीस वर्षं मुलांना सांगितलं की उत्तर जुळत नसेल तर रीत तपासा, ती स्टाफरूममध्ये म्हणायला लागली की माझा मेंदू आता जड झाला. एकदा त्या मला बसमध्ये म्हणाल्या, मुलांना शिकवतानाही आपलं असंच काही सुटत असेल का, कोणी सांगत नसेल. मी म्हटलं, असं काही नाही. पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना. शेवटी त्या नागपूरला जाऊन कानाच्या डॉक्टरकडे तपासणी करून आल्या. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून पाहिलं. कान दोन्ही ठणठणीत. तो कागद त्यांनी मला दाखवला. चांगला निकाल येऊनही त्यांचा चेहरा पडला होता, कारण कान चांगले म्हणजे दोष डोक्यात, असा त्यांनी हिशेब केला होता.

मे महिन्याची सुटी लागली. उन्हामुळे रविवारची बस नको वाटत होती, म्हणून क्लास महिनाभर बंद. त्या रिकाम्या दिवसांत मॅडमनी शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मोबाइलमध्ये गाण्याचा वेग निम्मा केला, आलेख कागद घेतला, आणि एकेक ठोका ऐकून त्याची खूण करायला बसल्या. चार दिवस लागले. मग त्यांनी मला घरी बोलावलं.

तो कागद मला समजला, म्हणजे कोणालाही समजेल. आपल्या भजनातला केरवा आठ मात्रांचा असतो, तशी आठ घरं पाडायची. पहिलं घर म्हणजे सम. तिथं सगळे येऊन भेटतात, टाळही तिथं जोरात पडतो. सरांनी वहीत लिहून दिलं होतं त्यात अंगठा पहिल्या आणि पाचव्या घरात पडत होता, अगदी आपल्यासारखा. आणि त्या क्युबन वादकांचा अंगठा पडत होता चौथ्या आणि सातव्या घरात. पहिलं घर रिकामं. एकदा नाही, अकरा मिनिटांत दरवेळी रिकामं. वर सातव्या घरात वाजणारा सूर पुढच्या आवर्तनातला असायचा. पाहुणा दारात यायच्या आधीच पान वाढून ठेवावं, तसा.

"हे माझं चुकत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "मला चुकीचं दिलं होतं."

आवाज साधा होता.

त्यांनी अमोलला आपलं वाजवणं भरून पाठवलं, सरांच्या रीतीचं, आणि ओस्वाल्दोला विचार म्हणाल्या. तीन दिवसांनी उत्तर आलं. ओस्वाल्दोनं टेबलावर बोटांनी ठोके वाजवून दाखवले होते आणि अमोलनं त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगितलं होतं. बाईचा हात स्वच्छ आहे, तो म्हणाला, पण तिला कोणी शिकवलं? हे कवायतीचं वाजवणं आहे. पहिला ठोका आम्ही वाजवत नाही, तो नाचणाऱ्याच्या पायासाठी ठेवतो.

मला वाटलं होतं की सरांनाच खरं माहीत नसावं. मॅडमनाही तसंच वाटलं असावं, कारण जूनच्या पहिल्या रविवारी त्या निघाल्या तेव्हा रागात नव्हत्या. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला होता. बसमध्ये म्हणाल्या, सरांना दाखवते, त्यांच्याही कामाला येईल. त्या दिवशी मी माहेरी न जाता त्यांच्याबरोबर वर गेले.

सर खाली चहा घ्यायला गेले होते. खोलीत अमिता तारा जुळवत बसली होती. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आदल्या दिवशीच्या बॅचचं लिहिलेलं तसंच होतं. स्पर्धेला बसणाऱ्या मुलांची ती बॅच. फळ्यावर आठ घरं होती. चौथ्यात आणि सातव्यात अंगठ्याची खूण, पहिलं घर मोकळं, आणि त्याच्याखाली सरांच्याच अक्षरात लिहिलेलं: सम सोडा, अनागत.

अनागत हा आपल्याच तालातला जुना शब्द आहे. सम यायच्या आधी तिथं पोचणं. सरांना ते येत होतं. त्यांना त्याचं नावसुद्धा माहीत होतं, आणि आमच्याकडच्या कोणालाही एका वाक्यात कळेल असं ते नाव होतं.

सर वर आले, नमस्कार मॅडम म्हणाले. मॅडमनी फळ्याकडे बोट केलं.

"हे कधीपासून येते तुम्हाला?"

सरांना आधी प्रश्न कळला नाही. मग ते फळ्याकडे पाहून हसले. "हे? हे तर कॉलेजपासून. पण ते अवघड आहे मॅडम. पोरांना स्पर्धेसाठी लागते."

"मी पहिल्या दिवशी तुम्हाला हेच ऐकवलं होतं. हेच शिकवतो म्हणाले होते तुम्ही."

"हो, पण तुमच्यासाठी मी ते जरा सरळ करून दिलं. तुम्ही दोघी टेन्शनमध्ये आल्या असत्या. शेवटी तुम्हाला कुठं प्रोग्राम करायचे आहेत? घरी बसून मन रमलं पाहिजे, एवढंच न."

"सरळ केलं, हे सांगितलं काहून नाही?"

अमिता आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती.

"मी तीनदा विचारलं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तिन्ही वेळा माझा हात बसला नाही म्हणाले. मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, सर. मला वाटलं मी बहिरी होऊन राहिली. तुम्हाला माहीत होतं की माझ्यात काही दोष नाही, आन् तुम्ही मला घरी पाठवत राहिले."

सरांचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पण माणूस चुकला की लगेच चूक म्हणत नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही खूप मनावर घेऊन राहिल्या. मी तर तुमच्या भल्यासाठीच केलं."

मॅडमनी आलेख कागदाचं पाकीट पर्समधून काढलंच नाही. गिटार उचलली आणि खाली उतरल्या. परतीच्या बसनं मोहगाव गाठलं. तेव्हा मॅडम खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "माझ्या वर्गात एखादी पोर मठ्ठ असते. मी तिला सोपं उदाहरण देते. पण दोन अधिक दोन पाच, हे सोपं पडते म्हणून कधी सांगितलं नाही."

त्यांनी क्लास सोडला आणि घरी नव्यानं शिकायला घेतलं. नव्यानं म्हणणंही बरोबर नाही. नवीन शिकणाऱ्याला फक्त शिकायचं असतं, यांना आधी विसरायचं होतं. चौदा महिने रोज पाऊण तास अंगठा पहिल्या घरात पडला होता, तो आता ऐकेना. त्या तोंडानं मोजायच्या, पायानं सम धरायच्या आणि अंगठा अडवून ठेवायच्या. मी एकदा गेले तर त्यांनी अंगठ्याला शाईनं खूण केली होती. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, मला त्याच्याकडे पाहत राहायचं आहे. सप्टेंबरपर्यंत त्यांचा अंगठा संथ चालीत त्या गाण्याबरोबर राहायला लागला. पूर्ण वेगात नाही.

इकडे अमिता क्लासमध्येच राहिली. तिला वाटलं, दोन मोठ्या माणसांमधलं भांडण आहे, आपण कशाला पडा.

डिसेंबरात सरांचा वार्षिक कार्यक्रम असतो. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याला जरा जास्तच थाट आला होता. एका मंगल कार्यालयात, दुपारी, दोन-तीनशे लोक. नोव्हेंबरात माझा भाऊ फोनवर म्हणाला, तुमच्या मॅडमचा फोटो रस्त्यावर लागला आहे. बॅनरवर खरंच होतं: महिला गट, क्युबन संगीत, खाली मॅडम आणि अमिताचा गिटार घेतलेला फोटो. मॅडमनी सरांना फोन केला, मी क्लास सोडून पाच महिने झाले, माझं नाव काढा. सर म्हणाले, बॅनर छापून झालं मॅडम, आता लोकांना काय सांगू, तुम्ही या, पाच मिनिटांचं काम आहे.

मॅडम म्हणाल्या, "माझ्या नावावर चुकीचं वाजणार असेल तर मी येते. पण मी बरोबर वाजवीन."

सर म्हणाले, वाजवा न, तुमची इच्छा.

आम्ही तिघं गेलो. तिसरे रवींद्रभाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून, मागच्या रांगेत. मॅडमचा नंबर आला. अमिता शेजारी बसली, तिला मॅडमनी आधीच सांगितलं होतं की तू फक्त काड्या वाजव. सर बाजूला इलेक्ट्रॉनिक ढोलाच्या पॅडवर होते, सगळ्यांनाच साथ करत होते. मॅडमनी सुरू केलं. चार-सहा आवर्तनं छान गेली. मग सरांनी पॅडवर ठेका धरला, आणि तो सरळ होता. धम पहिल्या घरात, धम पाचव्या घरात. लोकांना ओळखीचं सापडलं, त्यांनी त्यावर टाळ्या धरल्या. सरांनी हात उंचावून टाळ्या आणखी वाढवल्या. मॅडमच्या अंगठ्याला ते सगळं सभागृह पहिल्या घरात ओढत होतं. मला खाली बसून दिसत होतं की आता तो पडणार.

मॅडमनी तारांवर तळहात ठेवला. आवाज बंद. लोक दोन-तीन टाळ्या वाजवून थांबले.

त्यांच्यापुढे माइक होता, तो चालूच होता. त्या सरांकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्हाला खरं येते. मला माहीत आहे. ते वाजवायचं असेल तर वाजवा. नाही तर हात खाली ठेवा."

एवढंच. त्यात एकही शिवी नाही, एकही खोटा शब्द नाही. यालाच लोक अपमान म्हणतात.

सरांनी हात मांडीवर ठेवले. मॅडमनी पहिल्यापासून वाजवलं, संथ, तीन मिनिटं. अमिताच्या काड्या दोनदा चुकल्या. शेवटी टाळ्या पडल्या त्या अगदी थोड्या, आणि पुढच्या रांगेतला एक माणूस शेजाऱ्याला सांगत होता की बाई ताल सोडून वाजवतात. रवींद्रभाऊ उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

सोमवारी शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत मॅडमना बोलावून समजावणी झाली, की तुमच्यासारख्या ज्येष्ठ शिक्षिकेकडून ही अपेक्षा नव्हती. गुरूचा मान राखला पाहिजे. मॅडम म्हणाल्या, गुरूनं शिष्याचा राखला असता तर ही वेळ आली नसती. माझ्या माहेरीही मला ऐकावं लागलं, कारण भाची सरांकडे शिकते. सगळ्यांचं म्हणणं एकच. एवढ्या लहान गोष्टीवरून? मी प्रत्येकाला विचारते, तुमच्या मुलाला गणितात जाणूनबुजून चूक शिकवली तर चालेल का? नाही म्हणतात. मग पन्नाशीच्या बाईला का चालावं? तोंड वाकडं करून म्हणतात, ते वेगळं.

जानेवारीत अमिता सौंसरला आली. मॅडमच्या ओसरीवर बसून चहा घेतला. मग म्हणाली, "ताई, स्टेजवर तुम्ही एकट्या वाजवत होत्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्या काड्या तुमच्यात नीट बसत होत्या. क्लासमध्ये कधीच बसल्या नाहीत. मला शिकवा."

मॅडमनी नाही म्हटलं. मी स्वतःच अजून शिकून राहिली, म्हणाल्या. अमिता पुढच्या रविवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्या रविवारी गिटार घेऊनच आली. तेव्हा त्यांनी तिला आत घेतलं.

ते शिकवणं सोपं गेलं नाही. अमिताचाही अंगठा सरळ चालीला पक्का झालेला. चार रविवार गेले, पाच गेले. मी सहाव्या रविवारी तिथे होते. अमिता तीच दोन आवर्तनं वाजवत होती आणि दरवेळी अंगठा पहिल्या घरात पडला की थांबत होती. तासाभरानं तिचे डोळे भरून आले. मॅडमनाही थकवा आला होता, सकाळपासून नववीचे पेपर तपासून झाले होते. त्या म्हणाल्या, "बरं अमिता, आज राहू दे, तू तसंच..." आणि थांबल्या. वाक्य पुरं केलं नाही. उठून आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तिला पाणी दिलं, स्वतः प्यायल्या.

मग म्हणाल्या, "अंगठा काढून घे. बोटं वाजवू नको. फक्त मोज, आन् पहिल्या घरात तोंडानं काहीच बोलू नको." दोघी नुसत्या मोजत बसल्या. दोन, तीन, चार. पहिल्या घराला गप्प. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. नंतर मॅडमनी तिला अंगठा ठेवायला सांगितला, आणि तो एकदा बरोबर पडला. मग तीनदा चुकला, मग पुन्हा पडला.

अमिता गेल्यावर मी विचारलं, मघाशी तुम्ही तसंच वाजव म्हणणार होत्या ना?

"हो," त्या म्हणाल्या. "तोंडावर आलं होतं. आता मला समजलं त्यानं काहून केलं. दुष्टपणा नव्हता. कंटाळा आला होता त्याला."

मला वाटलं, चला, आता तरी हे निवळलं. मी तसं म्हटलंही, की मग राग गेला म्हणायचा.

त्यांनी गिटार भिंतीला टेकवली. "नाही, धनश्री. वाढला. पंधरा मिनिटं लागली. त्याला चौदा महिन्यांत माझ्यासाठी पंधरा मिनिटं काढता आली नाहीत."

अभिजीत सरांचा क्लास जोरात सुरू आहे. सर वाईट माणूस नाहीत, हे मीही मानते. बाजारात मॅडम दिसल्या की ते लांबूनच वळतात. त्यांनी आजवर चुकलं असं म्हटलेलं नाही, आणि मॅडमनी त्याची वाट पाहणं सोडलेलं नाही. या वर्षी सरांच्या बॅनरवर महिला गट पुन्हा आहे. नवीन पाच बायका आहेत त्यात. मॅडमनी त्या पाचही जणींची नावं माझ्याकडून लिहून घेतली, दोघींचे नंबर मिळवले, आणि त्यांना फोन करून एवढंच सांगितलं की पुढच्या रविवारी सरांना विचारा, स्पर्धेच्या बॅचला हेच शिकवता का. एकीनं विचारलं. दुसरीनं फोन ठेवून दिला आणि तिच्या नवऱ्यानं रवींद्रभाऊंना तहसीलमध्ये गाठून बायकोला आवरा म्हणून सांगितलं. रवींद्रभाऊ त्याला म्हणाले, मी तिला तीस वर्षांत आवरलं नाही, आता सुरुवात कुठून करू.

जिनं विचारलं, तिला सरांनी काय उत्तर दिलं ते आम्हाला कळलेलं नाही. पण ती अजून क्लासला जाते, आणि तिच्या वहीत सरांनी आठ घरं नव्यानं पाडून दिली आहेत, असं बँकेत तिची वही ओझरती पाहिलेली अमिता सांगत होती. पहिलं घर मोकळं आहे की नाही, ते अमिताला दिसलं नाही. मॅडमनी तिला पुन्हा पाहून यायला सांगितलं आहे.